जात्यावरच्या कवयित्री

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या चमूने गावोगावच्या बायांकडून जात्यावर दळताना गायच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 2017पासून त्या ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. माझ्या मते या बाया म्हणजे स्वतः रचून स्वतः गाणाऱ्या लोककलावंतांचे गटच. लेक सासरी गेली की जात्यापाशी नवी सून बसायची. गळे बदलायचे, गाणं चालू राहायचं. कुणी म्हणेल, ओव्या तर परंपरेच्या, यात बाईची रचना कुठली? चाल आणि साचा जुना, हे मान्य. पण माजलगावच्या बायांनी त्याच साच्यात बाबासाहेब आंबेडकरांना गायलं, ते काही आजीकडून आलेलं नव्हतं. हे गाणं संपलेलंही नाही: गिरणीने जात्यावरचं रोजचं दळण थांबवलं, तरी लग्नाच्या हळदीला जातं अजून पूजलं जातं, ओव्याही होतात. आणि या संग्रहात गाणारणीचं नाव-गाव नोंदलेलं आहे. म्हणून ओवी शेअर करताना नुसतं ‘पारंपरिक’ लिहू नका, तिचं नाव लिहा.