विश्लेषण : तारीख नसलेला जुना फोटो कोणत्या काळातला, हे कसे ओळखायचे?

अमरावती-अकोल्यातील जुना वाडा पाडला जातो, तेव्हा माळ्यावरच्या पेटीतले फोटो आणि चित्रांची पोस्टकार्डे अनेकदा रद्दीत जातात. त्यासोबत शहराचा पुरावाही जातो. हा पुरावा कसा वाचायचा?

वऱ्हाडात सुरुवातीला फोटो कशाचे निघाले?

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारे रॉबर्ट गिल यांनी १८६० च्या दशकात लोणारच्या मंदिरांची छायाचित्रे घेतली. त्याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव भडकले. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेली, तर १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. लिव्हरपूलच्या बाजारात इथला कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. त्यामुळे साहेबांच्या कॅमेऱ्याला देवळे आणि कापूसबाजार दिसले. जिनिंगमध्ये राबणाऱ्या बायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

पोस्टकार्डाचा काळ कसा ठरवायचा?

भारतात सरकारी पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आले. चित्रांच्या कार्डांवर सुरुवातीला पाठीमागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती. पाठीची पत्ता आणि मजकूर अशी विभागणी ब्रिटनने १९०२ मध्ये मान्य केली आणि इतर देश त्यामागून गेले. म्हणून मधली रेघ नसलेले कार्ड बहुधा जुने. तिकिटावर सातवे एडवर्ड असतील तर काळ १९०१ नंतरचा, पंचम जॉर्ज असतील तर १९१० नंतरचा. किंमत ‘नये पैसे’ असेल तर १९५७ नंतरचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा.

स्टुडिओच्या शिक्क्यावरून काय कळते?

इथे वऱ्हाडचा इतिहासच मदतीला येतो. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा प्रांत १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १९५० मध्ये त्याचे मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. म्हणजे शिक्क्यावर ‘अकोला, म. प्र.’ असेल, तर फोटो बहुधा १९५० ते ५६ मधला. मात्र जुना शिक्का पुढेही वापरला जाई, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नये. पेहराव, दुकानांच्या पाट्या, मागची इमारतही पाहावी.

इतरत्र काय केले जाते?

विनिपेग, सास्काटून ही कॅनडाच्या गवताळ प्रदेशातील शहरेही रेल्वे आणि धान्याच्या व्यापारावर वाढली. त्या प्रदेशाची जुनी पोस्टकार्डे अल्बर्टा विद्यापीठाने डिजिटल करून सर्वांसाठी खुली केली आहेत. कोणत्या रस्त्यावर कोणते दुकान होते, हे त्यातून आज शोधता येते.

घरातल्या फोटोंचे काय करावे?

लॅमिनेशन करू नका, चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा. पाठीवरचा मजकूर चित्राइतकाच मोलाचा. मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने नाव, गाव, अंदाजे साल लिहा. पेटी दमट भिंतीपासून दूर ठेवा. मुख्य म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. कागद आणखी पन्नास वर्षे टिकेल. पण फोटोतले चेहरे ओळखणारी माणसे तेवढी थांबणार नाहीत.