कळलावी
कळलावी (शास्त्रीय नाव: ग्लोरिओसा सुपर्बा) ही कोल्चिकेसी कुळातील बहुवर्षायू, कंदयुक्त व विषारी वेल आहे. ती मूळची आफ्रिका व दक्षिण आशियातील असून महाराष्ट्रात कोकण व सह्याद्रीच्या परिसरात पावसाळ्यात कुंपणांवर आणि झुडपांच्या आधाराने वाढते. ती तमिळनाडूचे राज्यपुष्प व झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे. शोभेसाठी ती बागेत लावली जाते. मात्र तिचे सर्व भाग विषारी असून कंद व बिया विशेष घातक असतात.

नावे
प्रसूतीच्या कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून पूर्वी या कंदाचा लेप लावला जात असे. ‘कळलावी’ हे नाव त्यावरून आल्याचे मानतात. ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावणे असाही अर्थ असल्याने ही वेल घरात आणल्यास कलह होतो, अशी लोकसमजूत आहे. कंदाच्या नांगरासारख्या आकारावरून संस्कृतात तिला ‘लांगली’, तर फुलांवरून ‘अग्निशिखा’ म्हणतात. मराठीत ‘खड्यानाग’ हेही नाव प्रचलित आहे.

वर्णन
पानांची टोके तणाव्यात रूपांतरित झालेली असतात व त्यांच्या साहाय्याने वेल आधारावर चढते. फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या व मागे वळलेल्या असतात. त्यांचा रंग आरंभी हिरवट, नंतर पिवळा व लाल आणि शेवटी पूर्ण लाल होतो. फळ पिकल्यावर उकलते व आतील नारिंगी-लाल बिया दिसू लागतात.

बागेतील लागवड
ठाणे खाडीलगतच्या नेरूळसारख्या भागात जून ते सप्टेंबर पाऊस व उरलेले महिने बहुतांशी कोरडे असतात. वेलीचे जीवनचक्र या ऋतुमानाशी जुळणारे आहे. पावसाच्या आरंभी कंद ५ ते १० सेंटिमीटर खोल, आडवा लावतात. अंकुर कंदाच्या टोकाशी असल्याने ते टोक मोडू देत नाहीत. पाण्याचा निचरा होणारी माती, भरपूर प्रकाश व चढण्यासाठी जाळी किंवा काठी आवश्यक असते. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फुले येण्यास काही वर्षे लागतात. पावसाळ्यानंतर वेल वाळते व कंद सुप्तावस्थेत जातो. या काळात पाणी दिल्यास तो कुजण्याचा संभव असतो.

विषारीपणा
या वनस्पतीत कोल्चिसिन हे अल्कलॉइड असते. ते पेशींचे विभाजन रोखते. त्यामुळे आतड्याचे अस्तर व अस्थिमज्जा यांसारख्या सतत नव्या पेशी तयार करणाऱ्या ऊती आधी बाधित होतात. विष पोटात गेल्यावर काही तासांनी उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू होतात. पुढील काही दिवसांत मूत्रपिंड, हृदय व इतर अवयव निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. बचावलेल्या रुग्णांचे केस काही आठवड्यांनी गळू शकतात. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही आणि त्यावर सर्वत्र उपलब्ध असा विशिष्ट उतारा नाही.

घ्यावयाची काळजी
वेल वाळल्यावर कुंडीत केवळ माती दिसते आणि खरा धोका याच काळात असतो. रताळे किंवा करांदा समजून हा कंद खाल्ल्याने विषबाधा होऊ शकते. त्यामुळे कुंडीवर नावाची कायमची पट्टी लावणे, काढलेले कंद स्वयंपाकघरात किंवा भाजीच्या टोपलीत न ठेवणे आणि घर बदलताना कुंडीची माहिती पुढील व्यक्तीस देणे आवश्यक ठरते. बियांकडे मुले आकर्षित होत असल्याने फळे उकलण्यापूर्वीच खुडतात. कंद हाताळताना हातमोजे वापरावेत. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरी आणि सोसायटीच्या सामायिक बागेत ही वेल न लावणे श्रेयस्कर होय.
कोणताही भाग पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि वनस्पतीचा तुकडा सोबत घ्यावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

उपयोग
आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत होते व शुद्धीकरणाशिवाय तिचा वापर निषिद्ध मानला आहे. कोल्चिसिन हे गाऊट या सांधेविकारावरील औषध आहे. त्यासाठी तमिळनाडूत या वेलीची बियांकरिता व्यापारी लागवड होते. औषधी मात्रा व घातक मात्रा यांत फारच थोडे अंतर असल्याने घरगुती उपचारांत या वनस्पतीचा वापर करणे धोकादायक आहे.