विश्लेषण : अमेरिकेच्या सरकारी जंगलात परातीनं सोनं काढता येतं, मग पंप का चालत नाही?

नदीतली वाळू परातीत घ्यायची, पाण्यात गोल गोल फिरवायची आणि तळाला उरलेले पिवळे कण कॅमेऱ्यासमोर धरायचे. अशी रील्स तुम्हीही पाहिली असतील. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हापासून अमेरिकेत हे चालत आलंय. आज तो अनेकांचा सुट्टीतला छंद आहे. पण सरकारी जंगलात त्याला नियम आहेत.

सोनं परातीत कसं उरतं?

सोनं पाण्याच्या १९ पट जड असतं, तर वाळू जेमतेम अडीच पट. त्यामुळे वाळू वाहून जाते आणि सोनं तळाशी बसतं. सराफ बाजारातली माती धुऊन सोनं वेचणारे आपले झारेकरी हेच तत्त्व वापरतात.

परवानगी लागते का?

'नॅशनल फॉरेस्ट'मध्ये हातानं परात वापरायला सहसा परवानगी लागत नाही. मात्र १८७२ चा खाणकाम कायदा तिथे आजही लागू आहे. त्यानुसार एखाद्यानं नदीच्या पट्ट्यावर खनिजाचा हक्क नोंदवला असेल, तर त्याला न विचारता तिथलं सोनं घेता येत नाही. म्हणून आधी स्थानिक वन कार्यालयात चौकशी करावी लागते. 'नॅशनल पार्क'चे नियम वेगळे आहेत. तिथून साधा दगड उचलण्यावरही सहसा बंदी असते.

पंपावर बंदी कशासाठी?

सक्शन ड्रेज हे यंत्र मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखं नदीचा तळ ओढून घेतं. सामन मासे याच तळाच्या खड्यांत अंडी घालतात. शिवाय जुन्या खाणकामात सोनं वेगळं करायला वापरलेला पारा अजून गाळात आहे. तळ ढवळला की तो पाण्यात मिसळतो आणि माशांमार्फत माणसाच्या ताटात येऊ शकतो.

कॅलिफोर्नियानं २००९ मध्ये या यंत्रांवर बंदी आणली. प्लुमास नॅशनल फॉरेस्टमधल्या एका खाणदारानं 'केंद्राचा कायदा मला हक्क देतो', असं म्हणत तिला आव्हान दिलं. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं बंदी योग्य ठरवली. खनिजावर हक्क असला, तरी ते हव्या त्या पद्धतीनं काढण्याचा हक्क मिळत नाही, असा त्याचा अर्थ.

दगड वेचले तर?

स्वतःच्या संग्रहासाठी थोडे साधे दगड नेता येतात. विकायचे असतील तर परवानगी लागते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय काढता येत नाहीत आणि मूळनिवासींच्या जुन्या वस्तूंना हात लावणं गुन्हा आहे.

आणि सह्याद्रीत?

ट्रेकला गेल्यावर चमकणारा स्फटिक दिसला की तो बॅगेत टाकायचा मोह होतो. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार जंगलातले दगड आणि खनिजंही 'वनोपज' ठरतात. राखीव जंगलातून ती परवानगीशिवाय नेणं गुन्हा आहे. त्यामुळे फोटो काढा, दगड तिथेच राहू द्या.