विनाइल फ्लोअरिंगचं काम घेताय? आधी फरशी तपासा, मग कोटेशन द्या

विनाइल बसवल्या दिवशी सगळंच छान दिसतं. खरी परीक्षा पावसाळ्यात. प्लँक उचलले की ग्राहकाचा फोन येतो आणि दुसऱ्या खेपेची मजुरी तुमच्या खिशातून जाते.

म्हणून पद्धत ठरवण्याआधी एवढं करा. दीड बाय दीड फुटाचं प्लास्टिक चारही कडांना टेप मारून फरशीवर 24 तास चिकटवून ठेवा. खाली थेंब जमले तर ओल आहे. आधी तिचा बंदोबस्त करा.

फरशी कोरडी निघाली तर:

भाड्याचं घर: क्लिक-लॉक. गोंद नाही, काढूनही नेता येतं. भिंतीलगत कंपनीने सांगितलेली फट सोडाच. ती स्कर्टिंगखाली झाकते.

छोटी खोली, कमी बजेट: मागे गोंद असलेले प्लँक. फरशी गुळगुळीत हवी, नाहीतर टाइल्सचे सांधे वर उमटतात.

जड कपाटं, जास्त वर्दळ: पूर्ण गोंदावर. पक्कं बसतं, पण काढणं कठीण. हे ग्राहकाला आधीच सांगा.

कोटेशनमध्ये फरशी सपाट करायचा खर्च वेगळा लिहा. तो लपवून दर कमी दाखवलात, तर काम मिळेल, पैसे उरणार नाहीत.