अकरा गोलांचा स्ट्रायकर की आठ गोलांचा?

2020-21 च्या इंडियन सुपर लीग मोसमात मुंबई सिटी एफसीकडे दोन नावाजलेले परदेशी स्ट्रायकर होते. इंग्लंडचा ॲडम ल फाँड्रे आणि नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे. महामारीमुळे तो सगळा मोसम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, रिकाम्या स्टेडियमांत खेळला गेला. मुंबईने लीग विनर्स शील्डही जिंकली आणि करंडकही. मोसम संपला तेव्हा ल फाँड्रेच्या नावावर 11 गोल होते, ओग्बेचेच्या नावावर 8. दोघांपैकी एकालाच ठेवायचे असेल तर कोणाला, या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे असे वाटते. ते तिथे नाही.

पहिली अडचण मिनिटांची. प्रशिक्षक सर्जियो लोबेरा बहुधा एकाच स्ट्रायकरला पुढे ठेवत, त्यामुळे एकाला मिळालेला वेळ दुसऱ्याच्या वाट्यातूनच जाई. म्हणून गोल मोजताना ते दर 90 मिनिटांमागे किती, असे पाहावे लागते. लीगचे नियमही हे मानतात. त्याच मोसमात एफसी गोवाचा इगोर अँगुलो आणि एटीके मोहन बागानचा रॉय कृष्णा या दोघांचेही 14 गोल झाले. गोल्डन बूट मिळाला अँगुलोला, कारण त्याने ते कमी मिनिटांत केले होते.

दुसरी गोष्ट पेनल्टीची. 25 नोव्हेंबर 2020 रोजी गोव्याविरुद्ध मुंबई 1-0 ने जिंकली ती ल फाँड्रेने भरपाई वेळेत मारलेल्या पेनल्टीवर. तीन गुण मिळाले, त्यामुळे त्या गोलाचे मोल कमी नाही. पण साध्या पेनल्टीचे गोलात रूपांतर होण्याचे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास असते, आणि ती कोणी मारायची हे संघ ठरवतो. दोन स्ट्रायकरांची तुलना करताना विश्लेषक पेनल्टी आधी बाजूला काढतात ते यासाठीच. मग उरलेल्या प्रत्येक फटक्याची जागा, कोन आणि समोरचे बचावपटू पाहून त्यातून गोल होण्याची शक्यता मांडतात. या शक्यतांच्या बेरजेला ‘अपेक्षित गोल’ म्हणतात. एखाद्या मोसमात खेळाडूचे गोल या बेरजेच्या खूप पुढे गेले, तर पुढच्या मोसमात ते खाली येण्याचाच संभव अधिक.

तिसरा मुद्दा प्रेक्षकांना सर्वांत प्रिय आणि निवडीसाठी सर्वांत फसवा: मोठ्या सामन्यांतले गोल. साखळीअखेर मुंबई आणि मोहन बागान दोघांचेही 40 गुण झाले, आणि शील्ड ठरली परस्परांतल्या दोन सामन्यांवर. मुंबईने ते 1-0 आणि 2-0 असे जिंकले होते. त्या तीन गोलांपैकी दोन ओग्बेचेचे. 13 मार्च 2021 च्या अंतिम सामन्यात 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला, तोही ओग्बेचेच्या पासवर. आठ गोलांच्या माणसाने दोन्ही चषकांवर आपली मोहर उमटवली, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. तरीही दोन गोल आणि एक पास एवढ्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.

अंदाजासाठी मागची अनेक वर्षे लागतात. ल फाँड्रेने 2012-13 मध्ये रेडिंगकडून प्रीमियर लीगमध्ये 12 गोल केले होते. त्याच्या कसबाबद्दल शंका नव्हती. पण भारतातला त्याचा पुरावा एकाच मोसमाचा. ओग्बेचेने 2018-19 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून 12 आणि पुढच्या वर्षी केरला ब्लास्टर्सकडून 16 सामन्यांत 15 गोल केले होते. वेगळे क्लब, वेगळे प्रशिक्षक, वेगळे सहकारी, आणि गोल मात्र चालूच. मुंबईतले 8 हे जागा वाटून घेतल्यानंतरचे. त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट वयाची होती: 2021 च्या उन्हाळ्यात तो 36 वर्षांचा होता, ल फाँड्रे 34 चा.

मैदानाबाहेरचा हिशेब वेगळाच. ल फाँड्रे सिडनी एफसीकडून उसना आलेला. त्याला ठेवणे एकट्या मुंबईच्या हाती नव्हते. शिवाय 2021-22 पासून लीगने मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या पाचावरून चारवर आणली. परदेशी खेळाडूची जागा हीच क्लबची सर्वांत महागडी वस्तू झाली. गोव्याने याचा अनुभव आधीच घेतला होता. एप्रिल 2021 मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगसाठी आशियातल्या एकासह चारच परदेशी नोंदवता येत होते, आणि गोव्याने गोल्डन बूटवाल्या अँगुलोलाच वगळले. बेदिया, ऑर्टिझ, इव्हान गोन्झालेझ आणि डोनाची यांना घेतले. सहा सामन्यांत गोव्याचे दोनच गोल झाले, पण तीन सामने बरोबरीत सुटले. चारापैकी एक जागा निव्वळ गोल करणाऱ्याला द्यायची नाही हा विचार अगदीच वेडगळ नव्हता.

मुंबईने शेवटी दोघांनाही ठेवले नाही. ल फाँड्रे सिडनीला परतला, ओग्बेचे हैदराबाद एफसीकडे गेला, आणि मुंबईने घेतला तो अँगुलो, वय 37. आदल्या वर्षीचा सर्वांत मोठा आकडा विकत घेण्याचा हा मोह नेहमीचाच. हैदराबादने उलटे केले. त्यांचा कर्णधार आरिदाने सँताना 10 गोल करून ओडिशाला गेला होता; त्याच्या जागी त्यांनी 8 गोलांचा, वयाने मोठा ओग्बेचे आणला.

निकाल लवकर दिसू लागला. नोव्हेंबर 2021 मध्ये हैदराबादने मुंबईला 3-1 ने हरवले, त्यात एक गोल ओग्बेचेचा. मोसमभरात त्याने 18 गोल केले, गोल्डन बूट जिंकला, आणि 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्यात ब्लास्टर्सना पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून हैदराबाद विजेते झाले. अँगुलोने 10 गोल केले. मुंबई पाचवी आली आणि बाद फेरीबाहेर राहिली. सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण मोसमाच्या तोंडावर लोबेराही क्लब सोडून गेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईने अँगुलोला जाऊ दिले आणि ब्लास्टर्सकडून होर्हे पेरेरा दियाझ घेतला. त्याचे आदल्या मोसमातले गोल होते 8, पण वय 31, आणि बचावपटूंना सतत धावायला लावण्याची सवय. 2022-23 मध्ये त्याने 11 गोल केले आणि मुंबईने 46 गुणांसह शील्ड परत मिळवली.