एकत्र कुटुंब आणि गिटारचा ध्वनिवर्धक

एकत्र कुटुंबांत वाद्य शिकणाऱ्या मुलाला दोन गुरु असतात. एक शिकविणारा, आणि दुसरा शेजारच्या खोलींत बसून निमूटपणें ऐकणारा. पहिल्याचें शुल्क दरमहा देतां येतें. दुसऱ्याचें ऋण मात्र त्याची झोंप व अभ्यास सांभाळूनच फेडावें लागतें. पेटी, तबला, सतार यांच्या बाबतींत ही रीत आपल्या घरांतून रुळलेली आहे. परंतु साताऱ्याच्या पेठेंतील वाड्यांत किंवा सांगलीच्या गांवभागांतील माडीवर नातवानें विजेची गिटार आणली, म्हणजे तिच्यासाठीं ध्वनिवर्धकही घ्यावा लागतो. मुलें त्यास ‘अँप’ म्हणतात. तो कोणता घ्यावा, हा प्रश्न मग वडील मंडळींपुढें येतो. त्याचा येथें थोडा विचार करूं.

आपल्या मिरजेंत सतार व तंबोरा घडविण्याची परंपरा दीडशें वर्षांहून जुनी आहे. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें. या वाद्यांत भोंपळ्याची पोकळी तारेचा नाद वाढविते. म्हणजे ध्वनिवर्धक वाद्याच्या अंगांतच आहे. विजेच्या गिटारचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. तिच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार हालली कीं त्या वेटोळ्यांत अत्यल्प वीज उत्पन्न होते, आणि ती वाढवून कर्ण्यावाटे, म्हणजे स्पीकरमधून, ऐकविणें हें अँपचें काम. या तत्त्वावरील गिटार १९३२ सालीं अमेरिकेंत विक्रीस आली. घरच्या दृष्टीनें तिचा मोठाच गुण हा कीं, अँप न जोडतां ती वाजविली तर शेजारच्या खोलींतही फारशी ऐकूं जात नाहीं. बोटें बसविण्याचा प्राथमिक सराव असाच करावा. त्यास खर्चही नाहीं.

दुकानदार प्रथम वॅट सांगतो. त्यास भुलूं नये. शक्ति दहापट केली तरी कानास आवाज सुमारें दुप्पटच भासतो. म्हणजे एक वॅटच्या जागीं दहा वॅटचा अँप घेतल्यानें आवाज दसपट होत नाहीं. आणि उलट, दोनतीन वॅटचा अँपही लहान खोलीस पुरून उरतो. तेव्हां ‘हा किती मोठा वाजतो?’ असें न विचारतां ‘हा किती हळू, आणि तरीही गोड, वाजतो?’ असें विचारावें. पुष्कळ अँपांत बटण किंचित् फिरवितांच आवाज एकदम उसळतो, आणि त्याखालीं तो निर्जीव होतो. दुकानांत आवाज आपल्या बोलण्याच्याही खालीं आणावा, आणि प्रत्येक तार निरनिराळी उमटते कीं नाहीं तें ऐकावें. व्हॉल्व्हच्या अँपांची कीर्ति मोठी. पण त्यांचा तो प्रसिद्ध खरबरीत रंग बहुधा जोरानें वाजविल्यावरच खुलतो. घरासाठीं ‘गेन’ व ‘मास्टर’ अशीं दोन स्वतंत्र बटणें असलेला ट्रान्झिस्टरचा किंवा डिजिटल अँप सोईचा. त्यांत रंग एका बटणानें व आवाज दुसऱ्यानें राखतां येतो.

उदाहरणार्थ, रोलंडचा मायक्रो क्यूब जीएक्स ३ वॅटचा असून त्याचा कर्णा ५ इंची आहे, आणि वीज गेल्यास तो सहा सेलवर चालतो. ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ हाही ३ वॅटचाच, पण कर्णा ३ इंची. त्यामुळें तो हातांत मावतो, परंतु मंद्र स्वर कांहींसे पातळ उमटतात. व्हॉक्सचा अँपप्लग गिटारमध्येंच खोंचावयाचा असतो. त्यांतून हेडफोनवर ऐकावें.

अँप ठेवावा कोठें, हेंही महत्त्वाचें. गिटारची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते. असे खालचे स्वर लांकडांतून दूर जातात. लांकडी माडीवर अँप जमिनीस टेकवून ठेवला, तर खालीं निजलेल्या आजारी माणसास त्याची धडधड पोंचते. तो खुर्चीवर, खालीं घडी घातलेली गोधडी ठेवून, कोपऱ्यापासून दूर आणि वाजविणाऱ्याच्या कानाकडे तोंड करून ठेवावा. विजेवर चालणाऱ्या अँपाआधीं जाणत्या तारतंत्र्याकडून भिंतींतील आर्थिंग तपासून घ्यावें. मुलाचा हात सतत धातूच्या तारांवर असतो, येथें हयगय करूं नये.

हेडफोनची सोय हवीच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीं १० ते सकाळीं ६ ही रात्रीची वेळ धरली असून, निवासी भागांत दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तथापि कायद्याआधीं घरांतील परीक्षार्थी व वृद्ध यांचा विचार यावा. हेडफोनवरही आवाज बेताचाच असावा. कान पुन्हां मिळत नाहीं.

मात्र सारा सराव हेडफोनवरच होऊं लागला, तर दुसरा गुरु घरांतून नाहींसा होतो. ताल कोठें सुटला, एकच चूक किती दिवस चालली आहे, हें सांगणारें कोणी उरत नाहीं. आणि मुलगा आपल्याच घरांत एकटा पडतो. म्हणून सायंकाळचा अर्धा तास सर्वांच्या संमतीनें मोकळ्या कर्ण्यासाठीं राखावा, बाकीचा सराव हेडफोनवर व्हावा. त्या अर्ध्या तासांत वडील मंडळींनीं दार लोटून घेऊं नये. गीत परकें वाटलें तरी चालेल. कालच्यापेक्षां आज बरें वाजलें कीं नाहीं, एवढें कोणत्याही कानास कळतें, आणि तें मुलाला सांगावें.