घोड्याला सोबत कुणाची?

1936 साली अमेरिकेत टॉम स्मिथ नावाच्या अबोल प्रशिक्षकाच्या हाती रेसचा एक बिथरलेला घोडा आला. नाव सीबिस्किट. तबेल्यातल्या आपल्या खणात तो सारख्या येरझाऱ्या घाली, खोगीर दिसलं की घामाघूम होई. स्मिथनं घोडेवाल्यांचा जुना उपाय केला आणि सोबतीला एक शेळी आणून ठेवली. थोड्या वेळानं पाहावं तर सीबिस्किट शेळीला दातांत धरून फिरतोय! तिला दोन-चार हिसडे देऊन त्यानं अर्ध्या दारावरून सरळ बाहेर टाकलं. मग आला पम्पकिन, गुरं राखण्यात उमेदीची वर्षं घालवलेला पिवळसर रंगाचा शांत घोडा. दोघांच्या खणांमधली भिंत पाडली आणि त्यांचं जमलं. पुढे त्या बिऱ्हाडात एक भटका कुत्रा आणि जोजो नावाचं माकडही दाखल झालं. 1938 मध्ये सीबिस्किटनं वॉर ॲडमिरल या घोड्याला शर्यतीत हरवलं, त्याचं श्रेय पम्पकिनला देणं भाबडेपणाचं होईल. पण सोबती पसंत करायचा अधिकार घोडा स्वतःकडे ठेवतो, एवढं त्या शेळीला नक्की कळलं असेल.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेनं एखादी घोडी आणून फार्महाउसवर बांधणारा माणूस चंदीची सोय करतो, नालबंद शोधतो, शेड घालतो. सोबतीचा विचार बहुधा राहूनच जातो. माणसं असतातच की घरात! पण घोड्याचं शरीर कळपाच्या हिशेबानं घडलेलं आहे, आणि ते सर्वांत स्पष्ट दिसतं त्याच्या झोपेत.

घोडा उभ्यानं झोपतो हे अर्धंच खरं. पायांच्या सांध्यांना जणू खिटी लावून तो उभ्याउभ्या डुलकी काढतो. पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप घ्यायला त्याला आडवंच व्हावं लागतं. चोवीस तासांत ही झोप साधारण अर्धा तास पुरते. मोकळ्या कळपात काही घोडे पहुडले, की कुणीतरी एक उभा राहून कान टवकारून असतो. एकट्या घोड्याला हा पहारेकरी कुठून मिळणार? काही एकटे घोडे आडवं व्हायचंच टाळतात. झोपेची थकबाकी साठत जाते आणि एखाद्या दिवशी उभ्याउभ्याच गुडघे दुमडून घोडा पुढे कोसळतो. पुढच्या पायांवर, खुरांच्या वरच्या सांध्याशी, पुन्हा पुन्हा सोलवटल्याच्या खुणा दिसल्या तर मालकानं झोपेची चौकशी करावी. सांधेदुखीमुळेही घोडा आडवा होत नाही, म्हणून पशुवैद्याला आधी दाखवलेलं बरं.

दुसरा पुरावा हृदयाच्या ठोक्यांचा. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान दातांनी खाजवतात, ती जागा ठरलेली असते : आयाळ संपते त्या उंचवट्याच्या जरा पुढे. क्लॉडिया फेह यांनी फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर काम करून 1993 मध्ये दाखवलं, की नेमकं तिथे खाजवलं तर ठोके दहा टक्क्यांहून जास्त उतरतात. इतरत्र खाजवून तो परिणाम होत नाही. हे काम माणसाचा हातही करू शकतो, हे खरारा करणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. मात्र तो हात दिवसाकाठी तासभर असतो, घोडा चोवीस तास.

एकटेपणाला कंटाळलेला घोडा दारात उभा राहून डावी-उजवीकडे झुलत राहतो. इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा घोड्यांच्या खणात आरसे लावले, तेव्हा झुलणं लक्षणीय कमी झालं. नुसत्या घोड्याच्या तोंडाच्या मोठ्या चित्रानंही फरक पडला. स्वित्झर्लंडनं तर 2008 मध्ये नियमच केला : घोड्याला दुसरा घोडा, गाढव किंवा खेचर दिसलं पाहिजे, त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे आणि वास आला पाहिजे.

म्हणजे पहिली पसंती दुसऱ्या घोड्यालाच. तो तरुण आणि देखणा असायची गरज नाही. रपेटीच्या शाळेतून निवृत्त झालेला म्हातारा घोडा या कामाला उत्तम, कारण तो तबेल्यातली सगळी नाटकं पाहून बसलेला असतो. नवा घोडा आणताना ग्लँडर्सची तपासणी मात्र चुकवू नये. हा रोग माणसालाही होतो, आणि 2006 नंतर तो भारतात पुन्हा डोकं वर काढून आहे.

गाढव स्वस्त पडतं म्हणून अनेकांची नजर तिकडे वळते. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, तिथे जोडीनं मिळालं तर एकच आणू नये. गाढवं जोडीदाराला घट्ट धरून असतात. ताटातूट झालेलं गाढव खाणं सोडतं, अंगातली चरबी रक्तात उतरते आणि ते दगावूही शकतं. शिवाय गाढवाच्या फुप्फुसात एक जंत असतो. गाढवाला स्वतःला काही होत नाही, पण त्याच कुरणात चरणारा घोडा खोकून बेजार होतो. शेण तपासून जंताचं औषध दिलं की प्रश्न मिटतो. खाण्याचं गणित वेगळं : गाढवाला सुका, निकृष्ट चारा मानवतो आणि घोड्याच्या तोबऱ्यातला खुराक बाधतो.

शेळीबद्दल घोडेवाल्यांत फार प्रेम आहे आणि ते अगदीच खोटं नाही. रेसच्या तबेल्यांत शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. पण शेळी मान खाजवत नाही, घोड्याची भाषा तिला येत नाही. दोघांच्या खाद्याची सरमिसळ तर जिवावर बेतते. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोंबडीला घातक ठरायला ते किलो वजनामागे सुमारे 200 मिलिग्रॅम लागतं. घोड्याला 2 ते 3 मिलिग्रॅम पुरतं, त्याच्या हृदयाचे स्नायूच निकामी होतात. उलट बाजूनं, घोड्याची धान्याची चंदी शेळीनं पोटभर खाल्ली तर तिच्या पोटात आम्ल साठून ती आडवी होते. खाद्याची पोती वेगळ्या, कुलूपबंद खोलीत ठेवण्याची तयारी नसेल तर शेळीच्या वाटेला जाऊ नये.

सोबती ठरला तरी पहिल्याच दिवशी दोघांना एका आवारात सोडणं धोक्याचं. काही दिवस मजबूत कुंपणाआडून हुंगाहुंगी, फुरफुर, खिंकाळणं होऊ द्यावं. नंतर मोकळ्या जागेत, जिथे कुणी कोपऱ्यात सापडणार नाही, तिथे सोडावं. मागच्या पायांचे नाल आधी काढावेत. गवताचे ढीग जनावरांच्या संख्येपेक्षा एकानं जास्त, दूर दूर. घोडा लाथेच्या अंतरात असलेला ढीग वाटून घेत नाही.

जमलेल्या जोडीचीही एक कटकट असते. एकाला रपेटीला काढलं की दुसरा कुंपणाला धावत राहतो, जीव खाऊन ओरडतो. म्हणून सुरुवातीपासूनच दोन-दोन मिनिटांची ताटातूट, मागे राहणाऱ्यासमोर गवत टाकून, सवयीची करत न्यावी. ऐपत आणि जागा असेल त्यांनी तिसरं जनावर ठेवावं. मग एक बाहेर गेला तरी घरी दोघं उरतात.